घरच्या भाषेचा रकाना

बत्तीस वर्षे बँकेत काढली की माणसाला एक खोड जडते. समोर आलेला छापील फॉर्म तो नुसता वाचत नाही, त्यातले रकाने तपासतो. कोणता रकाना आहे, यापेक्षा कोणता नाही, इकडे त्याचे लक्ष आधी जाते. शाखेच्या काउंटरवर रोज दिसणारी एखादी गोष्ट हेड ऑफिसला कळायची असेल, तर तिच्यासाठी फॉर्मवर जागा असावी लागते. जागा नसेल तर शाखाधिकाऱ्याने कितीही सांगितले तरी वरच्या लेखी ती गोष्ट घडलेलीच नसते.

असाच एक फॉर्म अमेरिकेचे जनगणना खाते दरवर्षी सुमारे पस्तीस लाख घरांना पाठवते. ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ असे त्याचे नाव. घरातल्या पाच वर्षांवरील प्रत्येक माणसाबद्दल त्यात भाषेचे तीन प्रश्न असतात. हा माणूस घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलतो का? बोलत असल्यास कोणती? आणि तिसरा प्रश्न, त्याला इंग्रजी कितपत बोलता येते? पहिल्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे, दुसऱ्यात भाषेचे नाव लिहायचे आणि तिसऱ्यात चारांपैकी एका चौकोनावर खूण करायची: उत्तम, चांगले, फारसे नाही, मुळीच नाही. हे तिन्ही प्रश्न १९८०च्या जनगणनेत प्रथम एकत्र आले आणि २००५पासून या वार्षिक पाहणीत विचारले जातात.

या चार चौकोनांचा हिशेब मोठा कडक असतो. ‘उत्तम’ एका बाजूला आणि खालचे तिन्ही दुसऱ्या बाजूला. ‘चांगले’वर खूण करणारा विनयशील माणूसही खात्याच्या लेखी इंग्रजी पुरेसे न येणाऱ्यांत मोडतो. कुणाची परीक्षा घेतली जात नाही. घरातला एक माणूस पेन घेऊन बसतो आणि सगळ्यांच्या वतीने खुणा करतो. म्हणजे सासऱ्यांचे इंग्रजी कसे आहे, ते सून ठरवते. असे असूनही या खुणांवर पुढे बरेच काही अवलंबून असते.

आकड्यांच्या तक्त्यात आपणही आहोत. या पाहणीच्या प्रसिद्ध होणाऱ्या सविस्तर तक्त्यांत हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, तेलुगू, तामिळ यांना स्वतंत्र ओळ मिळते. मराठी मात्र ‘नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय-आर्य भाषा’ अशा एका सामाईक खात्यात जमा होते. पण आज मला सांगायचे आहे ते न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींबद्दल नाही. या तीन प्रश्नांत काय सापडते आणि काय निसटते, हे स्वच्छ दिसते ते ॲरिझोना राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या एका ग्रामीण काउंटीत.

काउंटी म्हणजे साधारणपणे आपला जिल्हा. या जिल्ह्याचे नाव अपाची काउंटी, आणि गंमत अशी की तिथली बहुसंख्य वस्ती अपाची नव्हे, तर नवाहो या आदिवासी जमातीची आहे. क्षेत्रफळ सुमारे एकोणतीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या पावणेदोनपटीहून अधिक. आणि २०२०च्या जनगणनेनुसार लोकसंख्या अवघी सहासष्ट हजार. त्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश लोक मूळनिवासी. जिल्ह्याचे ठाणे सेंट जॉन्स दक्षिणेला आहे आणि नवाहोंची गावे उत्तरेला. चिनलीसारख्या गावाहून कचेरी गाठायची तर दोनशे किलोमीटरच्या आसपास गाडी हाकावी लागते. नवाहो राष्ट्राची राजधानी विंडो रॉक याच काउंटीत आहे.

जनगणना खात्याने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, साऱ्या अमेरिकेत मूळनिवाशांची एखादी भाषा घरी बोलणारे ३ लाख ७२ हजार लोक होते. त्यांतले सुमारे १ लाख ६९ हजार एकट्या नवाहो भाषेचे. आणि अशी भाषा बोलणारे सर्वांत जास्त लोक असलेली काउंटी म्हणून पहिला क्रमांक लागला तो अपाची काउंटीचा. संख्या सुमारे ३७ हजार. देशात ज्या शेकडो भाषा होत्या त्यांतल्या बहुतेक ओसरल्या असताना ही एक तगून आहे, म्हणून हा जिल्हा पाहण्यासारखा.

इथे इंग्रजी आली ती कराराने. १८६४मध्ये अमेरिकी लष्कराने नवाहोंना त्यांच्या मुलखातून उठवले आणि शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडो इथे नेऊन ठेवले. चार वर्षांच्या हालअपेष्टांनंतर, १ जून १८६८ रोजी तह झाला आणि त्यांना परत जाता आले. या तहाचे सहावे कलम शिक्षणाचे आहे. सहा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना शाळेत धाडण्याची सक्ती नवाहोंनी मान्य करायची. सरकारने दर तीस मुलांमागे एक शाळाघर आणि इंग्रजी शिक्षणाची मूलतत्त्वे शिकवू शकेल असा एक शिक्षक द्यायचा. घरी परतण्याच्या कागदावरच घरच्या भाषेचे पुढे काय व्हायचे याची तरतूद होती, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे निवासी शाळा निघाल्या. १८८७मध्ये मूळनिवासी खात्याच्या आयुक्तांनी या शाळांतून फक्त इंग्रजीच वापरली जावी, असा हुकूम काढला. मुलांना घरापासून दूर नेत, केस कापत, नवी नावे देत. आणि आपली भाषा तोंडातून निघाली तर शिक्षा करीत. साबणाने तोंड धुण्याच्या शिक्षेची आठवण कितीतरी वृद्धांनी सांगून ठेवली आहे. या शाळांबद्दल अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर माफी मागितली, ती ऑक्टोबर २०२४मध्ये, ॲरिझोनातच.

पण त्याच काळात, त्याच काउंटीत, दुसरी एक रीत चालू होती. गनाडो या गावी जॉन लॉरेंझो हबल नावाच्या व्यापाऱ्याने १८७८मध्ये पेढी घेतली. १९६७पासून ती राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलेली आहे. लाकडी फळ्यांची जमीन, उंच काउंटर, छताला टांगलेल्या वस्तू. नवाहो इथे लोकर आणि विणलेल्या घोंगड्या आणीत आणि पीठ, साखर, कॉफी, कापड घेऊन जात. उधारी चाले, चांदीचे दागिने गहाण राहत. हा सारा व्यवहार काउंटरपलीकडच्या माणसाने नवाहो शिकून केला. हबलला इंग्रजी आणि स्पॅनिश तर येतच होती, त्याने गिऱ्हाइकाची भाषाही आत्मसात केली. लोकर कापणारा माणूस इंग्रजी शिकेपर्यंत थांबणे त्याला परवडणारे नव्हते. आमच्या बँकेत बदली होऊन आलेला परप्रांतीय अधिकारीही सहा महिन्यांत ‘खातं’, ‘तारण’, ‘हप्ता’ एवढे तरी मराठी उचलायचाच. ज्याला देवाणघेवाण करायची असते, तो भाषा शिकतो. सुधारणा करायला निघालेल्याला ती गरज वाटत नाही.

बँकेवरून आठवले. नवाहोत पैशाला ‘बेसो’ म्हणतात. तो शब्द स्पॅनिश ‘पेसो’वरून आलेला. आणि बँकेला शब्द आहे तो ‘पैशाचे घर’ अशा अर्थाचा. घर म्हणजे ‘होगान’, त्यांचे पारंपरिक, पूर्वेला दार असलेले घर. ही भाषा नव्या वस्तूला परका शब्द जसाच्या तसा क्वचितच घेते, आपल्या जवळच्या सामानातून नाव घडवते. तिच्या या गुणाचा उपयोग दुसऱ्या महायुद्धात झाला. १९४२मध्ये अमेरिकी मरीन दलाने एकोणतीस नवाहो तरुणांना घेऊन सांकेतिक भाषा तयार केली. रणगाडा म्हणजे कासव, हातबॉम्ब म्हणजे बटाटे, पाणबुडी म्हणजे लोखंडी मासा. पुढे असे सुमारे चारशे तरुण पॅसिफिकच्या बेटांवर लढले आणि जपान्यांना हा संकेत कधीच फोडता आला नाही. यांतले बरेचसे जण त्याच निवासी शाळांतून शिकलेले होते. युद्ध संपल्यावर त्यांना गप्प राहण्यास सांगण्यात आले. १९६८पर्यंत ती बाब गुप्त होती, आणि पहिल्या एकोणतीस जणांना सुवर्णपदके मिळाली ती २००१मध्ये.

आता त्या फॉर्मकडे परत येऊ. ‘इंग्रजी कितपत येते’ हा प्रश्न वरवर उर्मट वाटतो, पण त्याने या जिल्ह्याचे भलेही केले आहे. ॲरिझोनात मूळनिवाशांना मताचा अधिकार मिळाला १९४८ साली, आणि त्यानंतरही इंग्रजी वाचता येण्याची अट होती. अशा परीक्षांना देशभर बंदी आली ती १९७०मध्ये. मग १९७५मध्ये मतदान हक्क कायद्यात दुरुस्ती झाली. एखाद्या भाषिक गटातल्या इंग्रजी पुरेसे न येणाऱ्या मतदारांचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले आणि त्यांच्यातली निरक्षरता देशाच्या सरासरीहून जास्त असली, तर काउंटीने त्यांच्या भाषेत मदत द्यायची. ती मर्यादा मोजायची कशी? तर त्या चार चौकोनांतल्या खुणांवरून. नवाहोसारख्या परंपरेने न लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी कायद्याने तोंडी मदतीची सोय ठेवली. तरी अपाची काउंटीला ही सोय नीट करायला लावण्यासाठी केंद्र सरकारला न्यायालयात जावे लागले आणि १९८९मध्ये तसा हुकूमनामा झाला. त्यानंतर दुभाषे नेमले गेले, गावसभांत मतपत्रिका नवाहोत समजावून सांगितली जाऊ लागली. मार्च २०२५मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा ठरली. पण मतदानातली भाषिक मदत कायद्याने दिलेली आहे, आदेशाने नव्हे.

२०२०च्या वसंतात कोरोनाची साथ आली तेव्हा भाषेचे मोल आणखी कळले. मे महिन्यात नवाहो राष्ट्रात लोकसंख्येच्या प्रमाणात लागण न्यूयॉर्क राज्यापेक्षाही जास्त झाली. कित्येक घरांत नळाचे पाणी नाही, मग हात वारंवार कसे धुवायचे? वृद्धांना हे सारे त्यांच्याच भाषेत सांगणे भाग होते. विंडो रॉकचे १९८६पासून चालणारे नवाहो रेडिओ केंद्र अशा वेळी किती उपयोगी पडत असेल, याची कल्पना आपल्या आकाशवाणीच्या पिढीला सहज येईल. या साथीत वृद्ध गेले आणि त्यांच्याबरोबर, ज्यांना विचारून शब्द पक्का करून घ्यावा अशी माणसेही गेली.

हा भाग मी पाहिला तो काही वर्षांपूर्वी. मुलगी फिनिक्सला असते, तिने आम्हा दोघांना कॅनियन डी शे पाहायला नेले होते. लाल कड्यांची ती प्रचंड दरी चिनलीजवळ आहे. नावातला ‘शे’ हा नवाहो शब्द स्पॅनिश तोंडी मोडून झालेला. कड्यावर एक आजीबाई चादरीवर चांदीचे आणि फिरोजा खड्यांचे दागिने मांडून बसल्या होत्या. शेजारी बारा-तेरा वर्षांचा नातू. आमच्या सौभाग्यवतीने एक बांगडी उचलून किंमत विचारली. मुलाने आजीकडे पाहिले, आजी दोन शब्द बोलल्या, मुलाने डॉलर सांगितले. मग हिने विचारले, ही घडवली कुणी? या वेळी आजी बराच वेळ बोलल्या. हातवारे केले, दरीकडे बोट दाखवले, मध्येच हसल्या. आणि मुलाने इंग्रजीत सांगितले, ‘माझ्या मामाने.’

एवढ्या मोठ्या बोलण्याचे दोन शब्द झाले. मुलीने त्याला हळूच विचारले, तुला आजीची भाषा येते ना? तो म्हणाला, कळते, पण बोलत नाही. गाडीत बसल्यावर ही म्हणाली, ‘अहो, आपल्या नातवासारखंच की हे!’ मुलगी गाडी चालवत होती. ती काही बोलली नाही, मीही बोललो नाही.

त्या घरी तो फॉर्म आला असता तर काय झाले असते? आजीच्या नावापुढे ‘मुळीच नाही’ किंवा ‘फारसे नाही’. नातवापुढे ‘उत्तम’. घरची भाषा नवाहो, म्हणून दोघांनाही ‘हो’. कमतरता नोंदली गेली ती आजीची. मदत, दुभाष्या, योजना, सगळे आजीच्या इंग्रजीसाठी. नातवाबद्दल सरकारला काळजी करण्यासारखे काहीच त्या कागदावर नाही. नवाहो किती येते, याला चार चौकोन नाहीत. ज्याला ‘शिमासानी’ एवढेच म्हणता येते तोही ‘हो’ आणि ज्याला रात्रभर चालणारे विधी तोंडपाठ आहेत तोही ‘हो’.

‘शिमासानी’ म्हणजे माझ्या आईची आई. वडिलांच्या आईला ‘शिनाली’. नवाहोत नुसते ‘आई’ असे म्हणता येत नाही. माझी, तुझी, निदान कुणाची तरी आई, असेच म्हणावे लागते. नाते कुणाशी, हे शब्दातच असते. काका, मामा, मावशी, आत्या अशा चौघांना चार शब्द देणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये. त्या मुलाने इंग्रजीत ‘अंकल’ म्हटले होते. मामा हा अर्थ मी आजीच्या हातवाऱ्यांवरून आणि मुलीने नंतर विचारून काढला.

घटते आहे ते वयाच्या आकड्यांत दिसते. त्याच २०११च्या अहवालात मूळनिवाशांपैकी पासष्टीपुढच्या साधारण पाचांत एकजण आपली भाषा घरी बोलत होता. पाच ते सतरा वयाच्या मुलांत दहांत एक. लोकांनी हातपाय हलवले नाहीत असे नाही. याच अपाची काउंटीत रफ रॉक इथे १९६६मध्ये नवाहोंनी स्वतः चालवलेली द्विभाषिक शाळा निघाली, १९६८मध्ये त्यांचे स्वतःचे महाविद्यालय उभे राहिले. २०१३मध्ये ‘स्टार वॉर्स’ नवाहोत आणून विंडो रॉकला दाखवला गेला. २०१६मध्ये मुलांसाठी ‘फाइंडिंग नीमो’.

उलटा प्रश्न विचारण्याचा प्रयत्नही एकदा झाला. नवाहो राष्ट्राच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराला इंग्रजी लिहिता-वाचता आणि नवाहो अस्खलित बोलता आली पाहिजे, असा नियम होता. २०१४च्या पहिल्या फेरीत ख्रिस डेशेनी हे दुसरे आले. मरीन दलात नोकरी केलेले, अभियंता, वकील. त्यांना नवाहो पुरेशी येत नाही, अशी तक्रार झाली. परीक्षा देण्यास त्यांनी नकार दिला आणि ते अपात्र ठरले. मतदान पुढे ढकलावे लागले. तरुण म्हणाले, ज्यांच्या आईबापांना भाषा बोलल्याबद्दल मार बसला, त्यांच्या मुलांना ती येत नाही म्हणून शिक्षा का? वृद्ध म्हणाले, आमच्याशी दुभाष्यामार्फत बोलणारा अध्यक्ष आमचा कसा? दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते. जुलै २०१५मध्ये सार्वमत झाले आणि भाषेची पारख मतदारांवरच सोपवण्यात आली.

आपली जनगणना मातृभाषा विचारते आणि येणाऱ्या आणखी दोन भाषा नोंदवते. किती येतात, ते नाही. २०११च्या गणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींहून जास्त निघाले. इतका मोठा आकडा असताना नवाहोंच्या चिंतेशी आपला संबंध काय, असे कुणी म्हणेल. पण त्याच गणनेत इंग्रजी मातृभाषा सांगणारे देशात सुमारे अडीच लाख होते, आणि राज्यांत पहिला क्रमांक महाराष्ट्राचा होता. शिवाय मातृभाषेची जनगणनेतली व्याख्या पाहा: लहानपणी आई ज्या भाषेत त्या माणसाशी बोलत असे, ती. शाळेच्या मुलाखतीच्या धास्तीने तीन वर्षांच्या मुलाला ‘शूज काढ, हँड वॉश कर’ म्हणणारी आई कोणत्या रकान्यात जाईल, हे प्रगणकाने ठरवायचे आहे.

इंग्रजी शिकूच नये, असे मी म्हणणार नाही. काउंटरवर अंगठा उठवायला आलेल्या बापाऐवजी स्लिप भरणारा पोरगा मी वर्षानुवर्षे पाहिला आहे. त्या पोराला शाळेने काय दिले, याची किंमत मला ठाऊक आहे. पण तो पोरगा बापाशी बापाच्याच बोलीत बोलून मग स्लिप भरायचा. कड्यावरच्या त्या नातवाला आणि आमच्या नातवाला मधला हा टप्पा जड जातो. आणि त्याची नोंद ना त्यांच्या फॉर्मवर आहे, ना आपल्या.

म्हणून माझी सूचना एवढीच. सरकारी फॉर्म बदलेल तेव्हा बदलेल, रविवारच्या दुपारी एक प्रश्न घरच्या घरी लिहून पाहावा. या मुलाला घरची भाषा कितपत बोलता येते? उत्तम, चांगली, फारशी नाही, मुळीच नाही. मात्र खूण मुलाने करायची नाही, सुनेने नाही आणि लेकीनेही नाही. हा रकाना आजीने भरायचा.